अपडेट केलं म्हणून अडकलो

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. त्या रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक सगळंच बंद पडलं होतं, आठवत असेल. मी पण दोनदा राउटर बंद-चालू करून बघितला, मग म्हटलं जाऊ दे, आणि फोन उशाशी टाकून झोपलो. सर्व्हर सांभाळणाऱ्या ऑन-कॉलवाल्याला अशी झोप कुठे मिळते.

सकाळी उठतोय तर ग्रुपवर आमच्या सरांचा एकच प्रश्न, "अपाची कितीवर आहे आपलं?" अपाची म्हणजे वेबसाइट चालवणारा सर्व्हर प्रोग्रॅम, त्याचं कुठलं व्हर्जन ते विचारत होते. मी चहा पीत पीत ऐटीत टाकलं, "२.४.४९ सर, सगळीकडे." कारण सप्टेंबरमध्ये अपाचीच्या मॉड-प्रॉक्सी या भागातला तो एसएसआरएफचा, म्हणजे सर्व्हरलाच भलतीकडे रिक्वेस्ट पाठवायला लावण्याचा, घोळ निघाला होता, तो ४९ मध्ये दुरुस्त झालेला, आणि मी दोन रात्री जागून सोर्सवरून कंपाइल करून अकराच्या अकरा सर्व्हर ४९ वर नेले होते. तर लगेच सरांचा फोन. "अरे बाबा, ४९ च फुटतंय. बाकी कुठलंच नाही."

सीव्हीई-२०२१-४१७७३, हा त्या त्रुटीचा जाहीर नंबर. डॉट-डॉट-स्लॅश करत फोल्डरच्या बाहेर पडायचं ही युक्ती जुनीच, सर्व्हर ती ओळखतो. पण ४९ मध्ये यूआरएलचा पाथ साफ करणारा कोड बदलला आणि त्यात गडबड झाली. पहिलं टिंब साधं आणि दुसरं एन्कोड करून, म्हणजे टक्का-दोन-ई असं पाठवलं, की हा गडी पहिलं टिंब बघतो, पुढे टक्क्याचं चिन्ह दिसतं, हे काय डॉट-डॉट नाही म्हणतो आणि सोडतो आत. त्या टक्का-दोन-ईचं टिंब होतं नंतर, तेव्हा बघायला कोणी नसतं.

आता हे झालं तरी मागे एक कुलूप असतं. कॉन्फिगमध्ये मुळाच्या फोल्डरला 'रिक्वायर ऑल डिनाइड' असेल तर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', मिळतो आणि विषय संपतो. मी एकेक सर्व्हरवर रिक्वेस्ट मारत गेलो. ४०३, ४०३, ४०३. दहा झाले. अकराव्यावर स्क्रीनवर आलं, रूट:एक्स:०:० आणि त्याखाली अख्खी पासवर्ड फाइल. चहा तसाच राहिला.

तिथे 'ग्रँटेड' होतं. कोणी केलं? मीच. २०१९ मध्ये क्लायंट फोनवर ओरडत होता, पेज उघडत नाही, तेव्हा "तात्पुरतं" केलेलं, वर कॉमेंट पण माझीच, 'नंतर काढणे'. त्यात त्याच क्लायंटच्या जुन्या पर्ल फॉर्मसाठी सीजीआय, म्हणजे वेबवरून सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालवायची सोय, चालू. म्हणजे नुसती फाइल वाचणं नाही, थेट कमांड चालवता आली असती.

आधी डिनाइड केलं, मग ५० चढवलं, मग लॉग उघडले. पहाटेच्या चार रिक्वेस्ट होत्या, चारही अनोळखी आयपीवरून, पत्त्यात टिंबं आणि टक्क्यांची रांग, आणि शेवटी २००, म्हणजे 'मिळालं'. कमांड पाठवायला लागते तशी पोस्ट रिक्वेस्ट एकही नव्हती, म्हणजे कमांड नाही, फक्त वाचून गेले. एसएसएलची प्रायव्हेट की फक्त रूटला, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युजरला, वाचता येते म्हणून ती बचावली, पण डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये होता ती वेब सर्व्हरच्या युजरला उघडत होती. बदलला. तो पासवर्ड अजून एका स्क्रिप्टमध्ये कोणीतरी हाताने लिहून ठेवलाय हे अर्ध्या तासाने कळलं, क्लायंटचं बिलिंग बंद पडल्यावर. परत ओरडा.

गुरुवारी घटस्थापना. देवळंही त्याच दिवशी उघडणार होती, घरात गडबड, आई परातीत माती पसरून गहू पेरत होती आणि मला म्हणाली जरा पाणी शिंपड. हात मातीचे आणि फोन वाजला. ५० सुद्धा फुटलं. अपाचीवाल्यांनी टक्का-दोन-ई अडवलं होतं, पण लोकांनी तो दोन आणि ई पण एन्कोड करून पाठवला, एकदा डीकोड झाला की टक्का-दोन-ई, दुसऱ्यांदा झाला की टिंब. ४२०१३ नंबरचा नवीन सीव्हीई, आणि ५१ आलेलं.

"परवाच केलंस ना हे?" आई म्हणाली. काय सांगणार. घटासमोरच मांडी घालून लॅपटॉप उघडला, मेक इन्स्टॉल लावलं, आरतीला उठलो, परत बसलो. संध्याकाळपर्यंत अकराही ५१ वर.

रात्री अजून एक फोन. दुसरे एक काका, त्यांचा सर्व्हर सेंटओएस ७, त्यावर अपाची २.४.६, त्यांच्या मागे मी दोन वर्षं लागलोय की बदला बदला. "बातमी वाचली. आमचं काही?"

"नाही काका, तुमचं काही नाही."

"बघ," ते म्हणाले, "आणि तू अपडेट कर म्हणत होतास."