घेऊन जा गे मारबत

आज मारबतीचा दिवस. माझा सिगारेटशिवायचा ८६ वा.

सकाळी नागपूरच्या इतवारीत गेलो, धाकट्या भावाच्या गाडीवर मागे बसून. गर्दीत स्वतः गाडी चालवायची अजून हिंमत होत नाही. नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी मारबत, इडापिडा घेऊन जाणारे ते दोन मोठाले पुतळे, समोरासमोर येतात, ते बघायला लहानपणापासून जातोय. गच्च्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, जिथे पाय टेकेल तिथे माणसं. ढोलताशे, आणि चारी बाजूंनी एकच ओरडा: "रोगराई घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा गे मारबत!"

दरवर्षी मीही ओरडायचो. ओरडून झालं की बाजूच्या बोळात जाऊन सिगारेट पेटवायचो. यंदा तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. डोळे भरून आले. भावानं खांद्यावर हात ठेवला, बोलला काही नाही.

घरी आल्यावर वाटलं, ती पहाट एकदा नीट लिहून काढावी. आजवर कुणालाच ती पूर्ण सांगितलेली नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, चालू होता. कूलर रात्रभर गरम वाराच फेकत होता. पावणेपाचला जाग आली ती छातीत काहीतरी दाटून आल्यानं. आदल्या रात्री सावजी मटण झालं होतं, म्हणून गॅस असेल असं वाटलं. पण खालचा जबडा ठणकत होता, दाढ काढल्यावर ठणकतो तसा. बनियन ओलं, आणि घाम थंडगार. नागपुरात मे महिन्यात थंड घाम येतो का कधी?

बायको शेजारीच झोपली होती. तिला उठवलं नाही. बाल्कनीत गेलो, खुर्चीवर बसलो आणि सिगारेट पेटवली. दोन झुरके मारले की गॅस मोकळा होईल, असं मनात. २६ वर्षं कशासाठीही तेच औषध. अर्धी ओढून झाली आणि डावा हात शिशासारखा जड झाला. सिगारेट बोटांतून गळून फरशीवर पडली. ती खाली जळत होती आणि मला वाकून उचलता येत नव्हतं. तेव्हा कुठे हाक मारली.

पुढचं भराभर झालं. धंतोलीतला दवाखाना, ईसीजी, कॅथलॅब. उजव्या बाजूची धमनी पूर्ण बंद होती. मनगटातून तार घालून स्टेंट टाकला. मी जागा होतो, छतावरचा दिवा बघत होतो, आणि डोक्यात एकच: मुलगी नऊ वर्षांची आहे.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पलंगाशी खुर्ची ओढून बसले. रोज किती, विचारलं. चौदा-पंधरा, म्हणालो. शेवटची कधी? तेव्हा मात्र खरं सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. निकोटीननं ठोके वाढतात, धमन्या आवळतात, आणि धुरानं रक्तात गुठळी व्हायला मदतच होते. म्हणजे हृदयाचा एक भाग प्राणवायूसाठी तडफडत होता आणि त्याच वेळी मी त्याचा उरलासुरला प्राणवायूही काढून घेत होतो. हे ऐकल्यापासून बाल्कनीतली ती खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी विचारलं, अगदीच राहवलं नाही तर दिवसाला एखादी? मान हलवत ते म्हणाले, हृदयाच्या बाबतीत एकीनंही सुटका नाही. दिवसाला वीस ओढणाऱ्याला जो जास्तीचा धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा एकीनंच पदरात पडतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! माझी सगळी वर्षं "कमी करतो" म्हणण्यात गेली.

दवाखान्यातले दिवस गोळ्यांच्या गुंगीत निघून गेले. खरा त्रास घरी आल्यावर. चहा झाला की हात खिशाकडे. वाडीच्या ऑफिसातून फोन आला, ट्रक कुठे अडकलाय विचारलं, की हात खिशाकडे. त्या खिशात आता सॉर्बिट्रेटची, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची, पट्टी असते. दुसऱ्या आठवड्यात मुलीवर विनाकारण ओरडलो. ती पाण्याची बाटली ठेवून निघून गेली. त्या दुपारी जुन्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. हुक्की येते ती काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ काढायचा, म्हणाल्या. काय केलं की वेळ जातो, विचारलं. मी म्हणालो, संत्रं सोलतो. पण जूनमध्ये कुठलं संत्रं? मग शेंगा फोडायला लागलो. डॉक्टरांना विचारून निकोटीनचा गमही सुरू केला. तो च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नसतो. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा. आता दिवसाला दोनवर आलोय.

शरीराची मागणी बरीच ओसरली आहे. जागा मात्र मागतात. तर्री पोह्यांची ती गाडी, फुटाळा तलावाचा काठ, ऑफिसमागची कडुलिंबाची सावली.

आणि माणसं. जुलैत कामावर गेलो तर जुना सोबती जवळ आला, "भाऊ, सिगारेट सोडली ना, बेस केलं. खर्रा घे मग, त्यात धूर नाही ना." त्यानं माझ्यासमोर पन्नी घोटायला घेतली, तळहातावर घासून घासून. सुपारी, तंबाखू, चुना. जीव लावूनच देत होता तो, हे मला कळतं. पण माझ्या अंगावर काटा आला. त्याच्याच मोठ्या भावाचं तोंड आता दोन बोटंसुद्धा उघडत नाही, भात कालवून पातळ करून भरवावा लागतो. मी म्हणालो, "तू कोणाले देऊन राहिला हे? तुह्या भावाकडं पाहून तरी सोड ना बे." तो रागावला. चार दिवस बोलला नाही. मला ते चालेल.

संध्याकाळी तान्हा पोळा. मुलीचा लाकडी बैल तिच्या आजोबांनी करून दिलेला, एक चाक करकरतं. देवळापाशी ओळीत बैल लागले, मुलांना बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसे, मिळाला. परतताना चौकातला पानठेला लागतो. ८६ दिवस मी रस्त्याच्या पलीकडून जातोय. ओढ लागेल ही भीती होतीच, पण ठेल्यावर माझी उधारी होती, ३६० रुपये, आणि ती तशीच ठेवून तोंड चुकवणं मला जास्त टोचत होतं.

मुलीला म्हटलं, तू बैल धरून इथंच थांब.

मला पाहताच ठेलेवाल्याचा हात सवयीनं मागे गेला. पाकिटातून एक काढून त्यानं काचेवर ठेवली. सुट्या सिगारेटी विकायला राज्यात २०२० पासूनच बंदी आहे, पण ठेल्यावर कोण विचारतो! एक-एक करूनच मी सव्वा लाखावर ओढल्या असतील. ती पांढरी कांडी समोर होती. वास आला. लाळ सुटली, हे खरं लिहितो.

"नाही भाऊ," मी म्हणालो, "वही काढा."

त्यानं वर पाहिलं, मग माझ्या सैल झालेल्या शर्टाकडे. वहीत नाव शोधून रेघ मारली, पैसे मोजले. सिगारेट पुन्हा पाकिटात सरकवली. "तब्येत सांभाळा," एवढंच म्हणाला.

घरी येऊन शर्ट काढला. बायकोनं तो घेतला आणि नाकाशी नेला. आधी दोनदा मी "सोडली" म्हणून सांगितलं होतं आणि बडीशेप चघळत घरी आलो होतो. बाल्कनीतल्या फरशीवरचा तपकिरी डाग तिनं दवाखान्यातून आल्याच दिवशी घासून पाहिला होता. तो गेला नाही, आणि तिनं त्याबद्दल कधी विचारलंही नाही.

"ठेल्यावर गेले होते तुम्ही?"

"हो. उधारी द्यायला." मग खुर्ची ओढून म्हणालो, "बस जरा. त्या पहाटेचं तुला एक सांगायचं राहिलंय."

तिनं शर्ट पुन्हा एकदा हुंगला, मांडीवर घेतला आणि बसली.