बादली फिरली तेव्हा

मध्यंतराच्या आधीचं शेवटचं गाणं चालू होतं आणि प्लॅस्टिकची एक पिवळी बादली टेबलाटेबलांवरून आमच्यापर्यंत आली. आपल्या न्हाणीघरात असते तेवढीच. तळाशी चुरगळलेल्या नोटा, बहुतेक एकेक डॉलरच्या. मी तिच्यात काहीही न टाकता ती पुढे सरकवली. नवऱ्याने हात लांब करून परत ओढली आणि पाच डॉलर टाकले.

मला राग आला होता. समोर सत्तरीचा माणूस करंगळीत काचेची नळी घालून गिटार वाजवत होता. नळी तारेवरून सरकली की सूर कोमल गंधाराच्या जरा वर, शुद्ध गंधाराच्या खाली, अशा कुठल्यातरी मधल्या जागी थरथरत राहायचा. लहानपणापासून मींड ऐकलेली माणसं आपण, ती जागा आपल्याला लगेच कळते. आणि एवढं वाजवणाऱ्या माणसासाठी बादली फिरवायची? दारावर आम्ही माणशी पंधरा डॉलर मोजले होते, ते कशाचे होते मग?

शिकागोत नऊ वर्षं काढली, पण घरापासून दहा मिनिटांवरच्या या ब्लूज क्लबात कधी पाय ठेवला नव्हता. दारूचा अड्डा, आपलं तिथे काय काम, असंच वाटायचं. त्या शुक्रवारी उणे बारा तापमान होतं, गाडी सुरू होईना, म्हणून लांबचा बेत रद्द करून चालत तिथे गेलो. अरुंद, लांबट खोली. एका बाजूला बार, टोकाला वीतभर उंच स्टेज. ब्लूज म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, त्याची रीत पहिल्या दहा मिनिटांत कळली. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. चार-चार मात्रांचे बारा खंड झाले की एक फेरा पुरा. गायक ओळ संपवून थांबतो, तेवढी जागा गिटार नाहीतर हार्मोनिका भरते. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई तर प्रत्येक ओळीला मोठ्याने हुंकार देत होत्या. बुवांनी चरण सोडला की टाळकरी उचलतात ना, तसं.

आणि म्हणूनच मला आजोबा आठवले. राजापूरहून लालबागला आले, गिरणीत साच्यावर लागले, दिवसभर खडखडाट ऐकायचा आणि रात्री चाळीत पेटी घेऊन भजनाला बसायचं. घरात आम्ही एक वाक्य ऐकतच वाढलो: आजोबांनी भजनाचा पैसा कधी घेतला नाही. नारळ आणि पानसुपारी, बस्स. बादली पुढे सरकवताना माझ्या मनात हेच वाक्य होतं.

तमाशातला दौलतजादा मला माहीत आहे. डबलबारीत खूश झालेला श्रोता बुवांच्या हातात नोट ठेवतो, तेही पाहिलंय. पण ते वेगळं, असं मी स्वतःला बजावत होते. तिथे हौस असते, माणूस उठून, समोर जाऊन देतो. इथे बादली! आणि आपल्याकडे कलाकाराला पाकीट मिळतं, ते शालीखाली झाकून देतात, चारचौघांत मोजत नाहीत. खरं सांगायचं तर त्या पाकिटात किती असतं, हे मी कधी विचारलेलं नाही.

मध्यंतरात त्या आजीबाई आपणहून बोलायला लागल्या. त्यांचे वडील मिसिसिपीहून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने आले, स्टॉकयार्डात, म्हणजे कत्तलीच्या गुरांच्या बाजारात, कामाला लागले. 1916 ते 1970 या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतले सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक असे निघाले, त्यातले कितीतरी या शहरात उतरले. ब्लूजचा नामांकित गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये आला, तोही दिवसा ट्रक चालवायचा आणि रात्री वाजवायचा. गुत्त्यांमधल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून विजेची आली. आमच्या चाकरमान्यांसारखंच, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण गप्प राहिले. आजोबा पोटासाठी आले होते, आणि गणपतीला परत जायला हक्काचं घर होतं. आजीबाईंच्या वडिलांना मागे जायचं नव्हतं. तिथे गोऱ्यांचे जमाव माणसं मारत होते.

बादलीचंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, दारावरचे पैसे पाच वादकांत वाटले जातात, मग एकाच्या हातात कितीसे राहणार? मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात तर रस्त्यावरच वाजवायचे आणि पुढे डबा असायचा. हे बोलताना त्यांच्या आवाजात जराही संकोच नव्हता. तो माझ्याच मनात होता.

उत्तरार्धात बादली पुन्हा आली. मी वीस टाकले.

घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. तिकडे दुपारचे बारा, बाबा जेवायला बसायच्या बेतात. मी सगळं सांगितलं, बादलीचंही. म्हटलं, आजोबांनी कधी पैसे घेतले नाहीत, नाही का?

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घेतले होते गं. संपाच्या वर्षी."

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यात आजोबा. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे. परळला कुणाच्या तरी सत्यनारायणाला भजन होतं, यजमानांनी ताटात नोटा ठेवल्या आणि आजोबांनी त्या उचलल्या. येताना तांदूळ आणि रॉकेल घेऊन आले. पुढे वर्षभर असंच चाललं. पोरांना ताकीद होती, बाहेर बोलायचं नाही. मग घरातही कुणी बोललं नाही.

"ते आले की आधी पेटी पुसायचे," बाबा म्हणाले. "धोतराच्या सोग्याने, एकेक पट्टी. मग आईकडे पैसे द्यायचे."

येत्या शुक्रवारी पुन्हा जाणार आहे. आजीबाईंनी त्यांच्या टेबलावर जागा धरून ठेवते म्हणून सांगितलंय.