आम्ही मुद्दाम न विचारलेला प्रश्न

अमेरिकेत न्यू जर्सीत अपघाताचे दावे चालवणाऱ्या एका वकिलाकडे मी पॅरालीगल, म्हणजे कायदेशीर कामातली मदतनीस, आहे. त्याआधी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात काही वर्षं काळा कोट घातलेला, त्यामुळे इकडे सगळ्यात जास्त कशाने गोंधळले असेन तर ज्युरीने. आपल्याकडे नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टाने ते फिरवलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण जिवंत ज्युरी बघितलीय कोणी? (पारशी घटस्फोटाच्या केसेसमध्ये तसला प्रकार अजून आहे, तेवढाच.) शिवाजीनगरला आम्ही बोलायचो ते जजसाहेब स्टेनोला काय लिहून घ्यायला सांगतील याच्यावर डोळा ठेवून. इथे समोर बसतात एक नर्स, एक रिटायर्ड अकाउंटंट, एक शाळेची बस चालवणारा, आणि निकाल त्यांनी द्यायचा.

केस सांगते, थोडे तपशील बदलून. टर्नपाइक या हायवेच्या ८ए एक्झिटला गोडाऊनंच गोडाऊनं आहेत. तिथला एक कामगार, मूळचा इक्वेडोरचा, इलेक्ट्रिक पॅलेट जॅक (माल उचलून न्यायची गाडी) घेऊन ट्रेलरमध्ये शिरत होता आणि नेमका त्याच क्षणी ड्रायव्हरने ट्रक पुढे काढला. डॉक (गोडाऊनचा माल चढवायचा उंच ओटा) आणि ट्रेलरच्या मधे फट पडली, माणूस चार फूट खाली आणि जॅक त्याच्या पायावर. मालकावर सहसा दावा लावता येत नाही, वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामावरच्या अपघाताची ठरलेली भरपाई, मिळते म्हणून, त्यामुळे दावा ट्रकिंग कंपनीवर. त्यांचं म्हणणं की डॉकबाहेरचा दिवा हिरवा झाला होता, म्हणजे ट्रकने निघायला हरकत नव्हती, आणि शिवाय तुमच्या माणसाने चाकाखाली चॉक आहेत का ते बघायला हवं होतं (आपल्याकडे ट्रकवाले दगड लावतात ना, तेच काम).

खऱ्या ज्युरीआधी तालीम म्हणून आम्ही पैसे देऊन दहा-बारा माणसं एका हॉटेलात बसवली आणि त्यांना केस सांगितली. मी लिहिलेल्या ड्राफ्टमध्ये सुरुवात आमच्या माणसापासून होती, पहाटे उठतो, डबा घेतो, पोरं झोपलेली असतात वगैरे, मला वाटलं काय भारी लिहिलंय. पाच मिनिटांत पहिला हात वर, "त्याने आत जाण्याआधी बघितलं का नाही?" मग दुसरा, मग सगळेच आमच्या माणसाची उलटतपासणी घ्यायला लागले. बॉसला हे होणार माहीत होतं. तो म्हणाला, "गोष्ट ज्याच्यापासून सुरू होते, लोक चुका त्याच्याच काढतात."

मग सगळं उलटं केलं. बॉसला पेनिंग्टन आणि हॅस्टी या दोन मानसशास्त्रज्ञांच्या १९८८च्या प्रयोगाचे आकडे तोंडपाठ असतात: खुनाच्या त्याच केसचा तोच पुरावा, सरकारी बाजू गोष्टीच्या क्रमाने आणि बचावाची बाजू साक्षीदारांच्या क्रमाने मांडली तेव्हा ७८ टक्के लोकांनी दोषी ठरवलं, आणि याच्या उलट केलं तेव्हा ३१ टक्के. पुरावा तोच हं.

तर ओपनिंग, म्हणजे वकिलाचं सुरुवातीचं भाषण, ड्रायव्हरपासून, आणि वर्तमानकाळात. तो केबिनमध्ये बसलाय. फेब्रुवारी आहे, हीटर चालू आहे. ड्युटीचे १४ तास संपत आलेत, ते संपले की त्याला गाडी चालवायला बंदी, आणि हे ट्रकमधल्या इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये आपोआप नोंदलं जातंय. आमचा माणूस गोष्टीत येतो तो थेट ट्रक हलल्यावर. "तुम्ही त्याच्या जागी असता तर" असं ज्युरीला म्हणायला इथे सक्त मनाई आहे आणि वेदनेचे इतके इतके डॉलर द्या असा आकडाही न्यू जर्सीत तोंडातून काढता येत नाही, म्हणून नुसतं दिसेल असं सांगायचं. तरी बॉस एकदा घसरलाच, म्हणाला "घाई नडली", लगेच समोरून ऑब्जेक्शन, आणि जजने ते मान्य केलं, कारण ओपनिंगमध्ये पुरावा काय येणार तेवढं सांगायचं, आर्ग्युमेंट करायचं नाही.

आता तो दिवस. ड्रायव्हरला साक्षीला आम्हीच बोलावलं होतं. डिपॉझिशनमध्ये (खटल्याआधी शपथेवर घेतलेल्या जबानीत) त्याने कबूल केलं होतं की निघण्याआधी तो केबिनमधून उतरला नव्हता. माझ्या मते हाच आमचा हुकमाचा पत्ता, आणि बॉसने त्याला दीड तास लॉग, पावत्या, दिवा सगळं विचारलं पण हे विचारलंच नाही! आदल्या रात्री यावरूनच आमचं भांडण झालेलं. तो म्हणे, "शेवटची पायरी ज्युरीला स्वतः चढू दे." आणि कोणी नाहीच चढलं तर? तर डिपॉझिशनचं ते पान वाचून दाखवायचं, ते मी फ्लॅग लावून ठेवलेलं.

आमच्या जजने ज्युरीला लेखी प्रश्न विचारायची मुभा दिली होती. साक्ष संपल्यावर ज्युरी बॉक्समधल्या बसवाल्याने एक चिठ्ठी दुमडून दिली. हा माणूस ज्युरीत ठेवायचा की नाही यावरही आमच्यात मतभेद होते, स्ट्राइक (कारण न देता ज्युररला वगळायचे हक्क) शिल्लक होते, मी म्हणत होते काढा, ड्रायव्हर ड्रायव्हरचीच बाजू घेणार. दोन्हीकडचे वकील साइडबारला, म्हणजे जजशी हळू आवाजात बोलायला, गेले, परत आले, आणि जजने वाचलं: "गाडी हलवण्याआधी तुम्ही खाली उतरून मागे जाऊन बघितलंत का?"

इथे शाळेच्या बसवाल्यांना फेरी संपली की सीटांमधून शेवटपर्यंत चालत जाऊन एखादं पोर झोपून राहिलंय का ते बघावं लागतं, कायदाच आहे तसा. त्याच्या दृष्टीने यापेक्षा साधा प्रश्न नसेल.

ड्रायव्हर म्हणाला, "नाही. थंडी होती."

मी पानावरचा फ्लॅग काढला. बॉसने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बघणं बरं दिसलं नसतं, पण कान लाल झाले होते त्याचे.

पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. इथे दिवाणी केसला सहा ज्युरर लागतात पण कोणी आजारी पडलं तर म्हणून आठ बसवतात, आणि क्लोजिंग (वकिलांची शेवटची भाषणं) झाल्यावर पेटीतून चिठ्ठ्या काढून दोघांना अल्टरनेट, म्हणजे राखीव, करतात. पहिलीच चिठ्ठी बसवाल्याची. आमच्या केसमधला सगळ्यात चांगला प्रश्न विचारणारा माणूस निकालाच्या चर्चेत बसलाच नाही! मी बॉसला म्हटलं, गेलं सगळं. तो सँडविच खात होता. म्हणाला, "उत्तर बाकीच्यांनी पण ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी निकाल आला, सहापैकी पाच जणांचं एकमत: दोष ट्रकिंग कंपनीचा ७५ टक्के, आमच्या माणसाचा २५. निम्म्याच्या वर दोष त्याच्यावर गेला असता तर एक डॉलर मिळाला नसता. बॉस म्हणतो ओपनिंगने केस जिंकली, मी म्हणते बसवाल्याने, आणि हा वाद मिटायचा नाही, कारण निकालानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय ज्युररना काही विचारता येत नाही. क्लायंटने इंटरप्रिटरकडून विचारलं की माझे २५ टक्के कशाचे कापले. बहुतेक चॉकचे, एवढंच त्याला सांगता आलं.