एक्स-रेवरील जुना व्रण आणि कॅनडाची फाईल

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातून मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. महाविद्यालयात असताना तिला क्षय झाला होता आणि सहा महिन्यांचे औषध पूर्ण घेऊन ती बरी झाली. आता ती कॅनडातील कायम वास्तव्यासाठी अर्ज करत आहे. तिच्या एजंटाने तिला सल्ला दिला, की वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी पूर्वी क्षय झाला होता का असे विचारले, तर सरळ 'नाही' म्हणावे, म्हणजे फाईल अडकणार नाही. "मावशी, सगळे असेच करतात म्हणे," असे ती म्हणाली, तेव्हा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

हा सल्ला देणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक नसतात, किंवा ठाऊक असून त्या सांगायच्या नसतात. पहिली गोष्ट अशी, की फुफ्फुसाचा क्षय बरा झाला तरी बहुधा त्याचा व्रण मागे राहतो. तो बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतो आणि सरावलेल्या रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून सुटत नाही. कॅनडाच्या तपासणीत 11 वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला छातीचा एक्स-रे काढावा लागतो, त्यामुळे तोंडाने दिलेले 'नाही' एक्स-रे काढताच खोटे ठरू शकते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पूर्वी झालेला आणि पूर्ण बरा झालेला क्षय हे अर्ज फेटाळण्याचे कारण नाही. महत्त्वाची माहिती दडवणे मात्र आहे, आणि 2014 पासून त्याची शिक्षा पाच वर्षांची प्रवेशबंदी अशी आहे. म्हणजे ज्या गोष्टीमुळे फार तर काही महिने जातील, ती लपवण्यासाठी हा सल्लागार एका तरुण मुलीची पाच वर्षे पणाला लावतो, आणि त्यासाठी तिच्याकडून शुल्कही घेतो.

मी स्वतः या मार्गाने आले आहे. मला विशीत क्षय झाला होता. कोल्हापुरात सरकारी 'डॉट्स' पद्धतीने माझे उपचार झाले. त्या काळी गोळ्या एक दिवसाआड असत आणि आरोग्य कर्मचारी समोर उभ्या राहून त्या गिळायला लावत. पुढे लग्न झाले, मुलगी झाली, आणि कॅनडासाठी अर्ज केल्यावर आम्ही कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणीला पुण्याला गेलो. रक्त आणि लघवी यांत काही निघाले नाही. एक्स-रेच्या अहवालात मात्र उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण असल्याची नोंद झाली आणि पुढील तपासणीचे पत्र आले.

त्या पत्राने घाबरून जाणाऱ्यांसाठी पुढे काय होते ते सांगते. एक्स-रेवर व्रण दिसला, की तो निद्रिस्त आहे की त्यात जिवंत जंतू आहेत, हे ठरवावे लागते. त्यासाठी सलग तीन दिवस सकाळी उठल्याबरोबर थुंकीचा नमुना घेतात. सूक्ष्मदर्शकाखालचा अहवाल लवकर मिळतो, परंतु थुंकीत जंतूंची संख्या बरीच मोठी असल्याखेरीज ते त्यात दिसत नाहीत, म्हणून त्यावर कोणी विसंबत नाही. निर्णायक चाचणी कल्चरची, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची, आणि तिला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. विरजणातले जंतू एका रात्रीत दुधाचे दही करतात. क्षयाच्या जंतूला एकाचे दोन व्हायलाच सुमारे वीस तास लागतात. हे समजल्यावर 'आपलीच फाईल का थांबली' ही तगमग बरीच कमी होते. काही वेळा काही महिन्यांच्या अंतराने दुसरा एक्स-रे काढून व्रण बदललेला नाही, याचीही खात्री करून घेतात. जंतू सापडलेच, तर आधी उपचार पूर्ण करावे लागतात आणि त्यानंतर अर्ज पुढे जातो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: तपासणी करणारा डॉक्टर केवळ अहवाल पाठवतो, निर्णय त्याच्या हाती नसतो. त्याच्यावर चिडू नये आणि त्याची मनधरणीही करू नये.

या सगळ्यात माझ्या सर्वाधिक उपयोगी पडले ते जुने कागद. उपचार पूर्ण झाल्याची नोंद असलेले कार्ड आणि त्या वेळच्या एक्स-रेची फिल्म माझ्या वडिलांनी जपून ठेवली होती. बहुतेक घरांत असे होत नाही. रोगी बरा झाला की आजाराचे कागद घरात नकोत म्हणून ते टाकून दिले जातात. मुलीचे असतील तर लग्नाआधी हमखास. शाहूपुरीत आणि नदीकाठच्या पेठांत तर 2019 आणि 2021 च्या महापुरांत कित्येकांची कागदपत्रे पंचगंगेच्या पाण्यात गेली. ज्यांचे कागद नाहीत त्यांनी उपचार झालेल्या केंद्रातून दाखला मागावा. 2012 पासून क्षयरुग्णांची नोंद 'निक्षय' या सरकारी प्रणालीत होऊ लागली, त्यामुळे अलीकडचे उपचार असतील तर माग काढता येतो. मिळालेले कागद परस्पर कोठे न पाठवता तपासणीच्या डॉक्टरांकडेच मूळ फिल्मसह द्यावेत. जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवून पाहता आले, तर अनेक शंका तेथेच मिटतात.

आपल्याकडचे लोक साखर आणि रक्तदाब यांनाही घाबरतात. त्यासाठीचा नियम वेगळा आहे. तुमच्या उपचारांचा सरकारी व्यवस्थेवर ठरावीक मर्यादेपलीकडे भार पडेल का, हे तेथे पाहतात. ती मर्यादा 2018 मध्ये तिप्पट करण्यात आली. गोळ्यांनी आटोक्यात असलेला मधुमेह सहसा तिच्या जवळपासही जात नाही, डायलिसिस जाऊ शकते.

प्रतीक्षेच्या त्या महिन्यांत मला एक गोष्ट फार लागली, ती म्हणजे संशयित ठरल्याची जाणीव. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, तेव्हा कॅनडाने आपल्याला तपासणे योग्यच, हे मी मान्य करते. तरीही क्षय म्हणजे आपणच कोठून तरी घेऊन येतो तो रोग, असा सूर निघाला की मी गप्प बसत नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट लोकांना विसाव्या शतकाच्या मध्यास क्षयासाठी घरांपासून तोडून दक्षिणेकडील रुग्णालयांत नेले गेले, अनेकांचे पुढे काय झाले हे कुटुंबांना कळवलेही गेले नाही, आणि त्याबद्दल पंतप्रधानांनी 2019 मध्ये जाहीर क्षमा मागितली. आपल्या भागाचा इतिहासही मला कॅनडातील लोकांना सांगावासा वाटतो. 1894 मध्ये मिरजेत वैद्यकीय कार्याचा पाया घालणारे डॉ. विल्यम वानलेस जन्माने कॅनेडियन होते, आणि त्यांच्या नावाच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम चालले. कोल्हापूर-सांगलीकडचे रोगी बरे करण्याचे काम एका कॅनेडियनाने आपल्या मातीत केले, ते पुढे आपल्या डॉक्टरांनी चालवले, आणि माझ्यावर उपचार करणारी सरकारी व्यवस्था तर पूर्णपणे आपली होती. माझे फुफ्फुस कोल्हापुरात बरे झाले, कॅनडात नव्हे.

हे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्हिसासोबत मला वैद्यकीय देखरेखीची अट मिळाली: देशात आल्यावर 30 दिवसांच्या आत स्थानिक सार्वजनिक आरोग्य विभागाशी संपर्क साधायचा. मला वाटले होते, की चौकशी होईल. प्रत्यक्षात एका नर्सबाईंनी फोन करून आधी घर मिळाले का, मुलीच्या शाळेचे झाले का, असे विचारले आणि मग खोकला, ताप, वजन यांविषयी शांतपणे माहिती घेतली. एक्स-रेचे पैसे द्यावे लागले नाहीत. औषधाची गरज पडलीच, तर तेही विनामूल्य मिळेल, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. माझ्या आजाराचे नाव त्यांनी सांधेदुखीचे घ्यावे तितक्या सहजपणे घेतले. आमच्या घरात मात्र तो शब्द इतकी वर्षे दार लावून उच्चारला जात होता. आपल्याकडे औषध उत्तम मिळते. रोग्याला मान वर करून वावरू देण्यात आपण कमी पडतो, आणि एजंटांचा धंदा त्या लाजेवरच चालतो.

देखरेखीची अट असताना नोकरी करता येते आणि मुलांच्या शाळेतही अडचण येत नाही. दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक टिकणारा खोकला, संध्याकाळचा ताप किंवा कारणाशिवाय घटणारे वजन जाणवले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवावे, एवढेच त्यांचे सांगणे असते. वैद्यकीय तपासणी साधारणपणे 12 महिनेच ग्राह्य धरतात, म्हणून ज्यांच्या छातीत जुना व्रण आहे त्यांनी कागद गोळा करण्याचे काम तपासणीची तारीख घेण्याआधीच उरकावे.