चौथा आठवडा: 11 फर्मे झाले, नववा मागे ठेवला

आधी जुन्या पुस्तकाच्या दुरुस्तीचा हिशेब. 16 पानी 18 फर्म्यांपैकी (फर्मा म्हणजे घडी घालून एकात एक बसवलेल्या पानांचा जुडगा) पहिल्या 12 मधले 11 दुरुस्त होऊन वजनाखाली आहेत. नववा मुद्दाम मागे ठेवलाय, त्याबद्दल खाली लिहिते. शिवणीला अजून हात लावलेला नाही.

हे पुस्तक माझं आणि माझ्या मैत्रिणीचं. एकच प्रत आम्ही अनेक वर्षं आळीपाळीने वाचली, समासात एकमेकींसाठी टिपणं लिहिली. तिची पेन्सिलीत, माझी निळ्या शाईत. मधल्या काळात ते खिळखिळं झालं म्हणून कुणीतरी बाजूने भोकं पाडून जाड दोऱ्याने आवळून दिलं. तेव्हापासून पुस्तक पुरतं उघडेना आणि कण्याकडचा समास आतच गडप झाला. म्हणून या वेळी घडीतूनच शिवायचं, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

पण घडीतून शिवायला आधी घडी शाबूत हवी. बहुतेक पानं कण्याशी फाटून सुटी झाली आहेत. त्यामुळे जोडीजोडीने पानं जुळवून, घडीच्या बाहेरून जपानी कागदाची पट्टी लावत चाललेय. या कागदाचे तंतू लांब असतात, म्हणून तो इतका पातळ असूनही घडी झेलतो. पट्टी कापताना ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर ठेवा. आडव्या ग्रेनच्या दोन पट्ट्या मी घाईत लावल्या होत्या, खळ सुकताच घडीवर सुरकुत्या आल्या. सुदैवाने गव्हाच्या स्टार्चची खळ होती. ओला बोळा थोडा वेळ ठेवला आणि पट्ट्या अलगद सुटून आल्या. बाटलीतला पांढरा गोंद एकदा सुकला की असा सोडत नाही. जुन्या पुस्तकाला तो लावू नये असं माझं ठाम मत आहे, कितीही सोयीचा वाटला तरी.

पाण्याचा धोका आहे तो माझ्या शाईला. पेन्सिल ओलाव्याने फुटत नाही, शाई फुटते. म्हणून कण्याजवळ निळं अक्षर दिसलं की आधी एका टिंबावर ओलसर कापूस टेकवून बघते. शाई सुटली तर खळ घट्ट घ्यायची, पट्टीवर कमीत कमी लावायची आणि लगेच टीपकागदाखाली दाबायचं.

वेळ मोजायला घड्याळ वापरत नाही. मैत्रिणीने दिलेली विलंबित ख्यालाची एक लाँग प्ले रेकॉर्ड आहे. मिनिटाला 33⅓ फेरे, एक बाजू साधारण 20 ते 22 मिनिटांची. तेवढ्यात एका फर्म्याच्या चार जोड्या लावून होतात. विलंबितात समेची वाट बघताना हात आपोआप सावकाश चालतो. द्रुत सुरू झाली की मी ब्रश खाली ठेवते आणि फक्त ऐकते.

पुढची काळजी कण्याच्या फुगवट्याची. पट्ट्यांनी जाडी वाढलीय, त्यात दोऱ्याची भर पडणार. बारीक लिननचा दोरा मेण लावून वापरायचा विचार आहे. आणि कडा कापायच्या नाहीत. कापल्या तर पुस्तक रेखीव दिसेल हे खरं, पण तिची टिपणं पार कडेपर्यंत गेली आहेत. तिथे एक मिलिमीटरसुद्धा मी द्यायला तयार नाही.

आता नववा फर्मा. तो सोडवला तेव्हा कण्याकडच्या समासात, दोऱ्याच्या भोकांच्या मधोमध पेन्सिलीतलं एक वाक्य निघालं: ‘इथे थांबलीस का? मी थांबले.’ पुस्तक आवळण्याआधी तिने ते लिहिलं असणार. इतकी वर्षं ते माझ्या नजरेला पडलंच नव्हतं. मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. थांबलेच. मग तिला फोन केला, तर तिला लिहिल्याचं आठवेना. मी परिच्छेद वाचून दाखवला आणि पलीकडे बराच वेळ शांतता होती.

फाट त्या वाक्याच्या अगदी शेजारून गेलीय. पट्टी बाहेरून लागेल, त्यामुळे अक्षरं झाकली जाणार नाहीत. रविवारी ती येणार आहे. तो फर्मा तिच्यासमोर लावायचा आहे, आणि खळ घालण्याआधी वाक्याखाली माझं उत्तर. या वेळी पेन्सिलीत.