तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या घरात ‘च्यायला’ चालतं का?

गणपतीतल्या बालनाट्याची तालीम चालू होती. आमच्या धाकट्याचा अंगठा स्टेजच्या फळीवर आपटला आणि तो कळवळून ओरडला, “च्यायला!” तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. समोर बसलेल्या आयांपैकी कुणी काही बोललं नाही, पण एकीनं आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. त्याला दोन वर्षं झाली. इथे इंदूरच्या लोकमान्य नगरात, हळदीकुंकवाला, भाजीच्या ठेल्यापाशी मला हाच प्रश्न येतो : तुमच्याकडे मुलांना असं बोलू देतात? तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट लिहिते.

आमच्या घरात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. एक माझं, एक नवऱ्याचं.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे जिव्हाळा शिवीतूनच व्यक्त होतो. काका माझ्या भावाला दारातूनच हाक मारायचा, “रांडेच्या, कुठं उलथला होतास?” आणि मग त्याच्याच ताटात आपल्या वाटचा मटणाचा तुकडा टाकायचा. नवरा इंदूरचा. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. पुढे दरबाराच्या आणि शाळा-कचेऱ्यांच्या आधारानं जी मराठी घरं इथे रुजली, त्यांतलं हे एक. माझ्या सासूबाई नातवाला रागावतानाही “शहाण्या मुलासारखं वाग” एवढंच म्हणतात. ‘गाढवा’सुद्धा मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

पण हाच नवरा सकाळी पोहे-जिलेबीच्या दुकानावर मित्र भेटला की म्हणतो, “अबे साले, कां था इत्ते दिन?” रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी त्याच्या तोंडी जी भाषा असते ती मी इथे लिहीत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्याला विचारलं होतं, की मग घरात एवढं सोवळं कशाला? तो म्हणाला, “हिंदी बाहेरची आहे. मराठी घरची. चपला घालून कुणी देवघरात येतं का?”

या वाक्यावर मी बरीच वर्षं विचार करते आहे. त्याची शाळा हिंदी, क्रिकेट हिंदी, बाजार हिंदी, पहिली मारामारीही हिंदीत. मराठी त्यानं आजीच्या पंगतीत, आरतीत आणि पुण्याच्या मामाला लिहिलेल्या पत्रांत वापरली. ती स्वच्छ राहिली, कारण तिला रस्त्यावर जायची वेळच आली नाही. घडी घालून ठेवलेल्या शालूसारखी. मला त्या शालूबद्दल आदर आहे. पण शालू रोज नेसता येत नाही, आणि जी भाषा रोज नेसली जात नाही ती नातवंडांपर्यंत पोचत नाही. इथल्या कित्येक घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. तुमच्याही घरात असेल.

म्हणून त्या तालमीत मला लाज वाटली नाही. अंगठा ठेचला की माणूस शब्द निवडत बसत नाही, जो सगळ्यात जवळ असतो तो तोंडातून पडतो. मराठीचा एक तासही शाळेत न शिकलेल्या माझ्या मुलाच्या तोंडून तेव्हा मराठी पडली. मला आनंद झाला होता, आणि तो मी लपवणार नाही.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग ‘आई गं’ म्हणू दे ना. तीही मराठीच, आणि आईसुद्धा तीच.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘च्यायला’ म्हणजे ‘तुझ्या आईला’, पुढचं वाक्य गिळलेलं. ‘साला’ म्हणजे बायकोचा भाऊ. कुणाला तसं म्हणणं म्हणजे त्याच्या बहिणीवर हक्क सांगणं. मी हे दोन्ही मुलाला बसवून सांगितलं, आडवळण न घेता. त्याचा चेहरा उतरला. आठवडाभर तो शब्द घरात आला नाही, नंतर कधीमधी पुन्हा येऊ लागला. आता मी एवढंच बघते, की तो कुणाला उद्देशून आहे. ठेचलेल्या अंगठ्याला म्हणालास तर मी ऐकलं नाही. माणसाला म्हणालास तर जाऊन माफी मागायची. नवऱ्याला हेही पटत नाही. त्याच्या मते जिभेला वळण एकदाच लागतं. त्याच्यासमोर मुलं तो शब्द वापरत नाहीत, आणि मी वापरा म्हणत नाही.

पादणं, हगणं, ढुंगण या शब्दांवर मात्र मी तसूभर हटत नाही. ते शरीराचे शब्द आहेत, कुणाच्या आईबहिणीचे नाहीत. मुलांना शिकवायला मी कोल्हापुराहून वाक्प्रचारांचं पुस्तक आणलं होतं. त्यात ‘ढुंगणाला पाय लावून पळणे’ आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “हा सोडून पुढचा घे.” मी उठून देवघराच्या फळीवरून त्यांच्याच पारायणाची गाथा आणली. शाळेच्या पुस्तकांत आपण ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी’ वाचत आलो. गाथेत तुकोबांचा शब्द ‘गांडीची’ असा आहे. सासूबाईंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि गाथेला नमस्कार करून ती परत ठेवली. वाक्प्रचार त्या दिवशी शिकवून झाला.

आणखी एक. थोरली ‘च्यायला’ म्हणाली की मला हाच प्रश्न दुप्पट जोरात विचारला जातो, “मुलीच्या तोंडी?” दोघांना एकच नियम आहे. त्यावर मला चर्चा करायची नाही.

आता जे सांगायचं आहे ते फारसं कुणी विचारत नाही. इंदूर २०१७ पासून वर्षामागून वर्ष देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरत आलं. आपण पाहुण्यांना ते छाती फुगवून सांगतो. रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते. गेल्या हिवाळ्यात एकदा धाकट्यानं बाल्कनीतून आत ओरडून सांगितलं, की गाडी आली. पण ‘गाडी’ न म्हणता त्यानं गाडीवरच्या माणसाला जातीचं नाव लावलं. तो शब्द इथे लिहायला माझा हात धजत नाही. घरात दोन पाहुण्या बसल्या होत्या, कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. तो शब्द त्यानं रस्त्यावरून आणला नव्हता. आपल्याच, चांगलं मराठी बोलणाऱ्या लोकांकडून आणला होता.

मी उठायच्या आत नवरा उठला. त्याला इतकं पांढरं पडलेलं मी क्वचित पाहिलंय. त्यानं मुलाला आत नेलं, दार लावलं. बराच वेळ आतून फक्त त्याचाच आवाज येत होता, हळू.

दुसऱ्या दिवशी गाण्याचा आवाज आला तसे दोघं खाली उतरले. ओल्या कचऱ्याची बादली बापाच्या हातात, सुक्याची पोराच्या. मी वरून बघत होते. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. धाकटा मान खाली घालून उभा होता, गाडीवरचे दादा खाली उतरले होते, आणि त्या दिवशी गाडी आमच्या दारातून जरा उशिरा निघाली.