"यांना तर सगळं फुकटच मिळतं" म्हणणाऱ्यांसाठी

कॅनडातल्या विनिपेगला नवीन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्याच्या आत दोन सल्ले मिळतातच. एक म्हणजे गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून ब्लॉक हीटर रात्री लावायला विसरू नकोस, आणि दुसरा म्हणजे मेन स्ट्रीटच्या त्या बाजूला जाऊ नकोस, तिथे "ते" लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, इंडिजिनस लोक असतात, काम करत नाहीत, टॅक्स भरत नाहीत, सरकार त्यांना सगळं फुकट देतं. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत उभं राहून मी हे ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या, मनानं वाईट नसलेल्या माणसांकडून. तिथल्या तिथे सगळं समजावून सांगणं होत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

मी दर मार्च-एप्रिलमध्ये नॉर्थ एंडमधल्या एका सेंटरला टॅक्स क्लिनिकमध्ये व्हॉलंटियर म्हणून बसते. कमी उत्पन्न असलेल्यांचे साधे रिटर्न फुकट भरून द्यायचे, एवढंच काम, सीआरएचाच, म्हणजे कॅनडाच्या टॅक्स खात्याचाच प्रोग्राम आहे. तिथे येणारे बहुतेक जण फर्स्ट नेशन्स, म्हणजे इथल्या मूळ जमातींचे, किंवा मेटी, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे. त्यामुळे आधी टॅक्सचंच बोलते. इंडियन ॲक्टच्या ८७ व्या कलमाखाली जी सूट आहे ती फक्त स्टेटस, म्हणजे सरकारी नोंद, असलेल्या फर्स्ट नेशन्स माणसाला, आणि ती मुख्यतः रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, कमावलेल्या पैशावर. तोच माणूस शहरात वेअरहाऊसमध्ये किंवा हॉटेलमध्ये नोकरीला लागला की साधारणपणे त्याच्या पगारातून तुमच्या-माझ्यासारखाच टॅक्स कापला जातो. मेटी आणि अतिउत्तरेकडच्या इन्युइट लोकांना तर ही सूट नाहीच. मी स्वतः त्यांच्या टी-फोर स्लिपा, म्हणजे पगाराचे दाखले, हातात घेऊन आकडे भरलेत, त्यामुळे "टॅक्स भरत नाहीत" हे वाक्य आता माझ्याच्यानं ऐकवत नाही.

आता फुकट काय मिळतं ते बघू. कॅनडा चाइल्ड बेनिफिट, जो आपल्या घरांतही येतो, सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ८ हजार डॉलरच्या आसपास. पण रिटर्न भरला नाही तर तो थांबतो. आणि रिटर्न भरायला सिन नंबर (सरकारी ओळख क्रमांक) लागतो, पत्ता लागतो, सीआरएला फोन केला तर मागच्या रिटर्नमधली माहिती विचारतात, ऑनलाइन अकाउंटचा कोड पोस्टाने मागवायचा तर तो येणार कुठे? ज्या बाईचं भाड्याचं घर सुटलंय, जी आज बहिणीकडे आणि उद्या मैत्रिणीकडे राहतेय, तिला ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. जन्मदाखला हरवलेला, दाखला काढायला ओळखपत्र पाहिजे, ओळखपत्राला दाखला पाहिजे. म्हणून ही सेंटर्स नुसते टॅक्स भरत नाहीत, ओळखपत्रं काढून देतात, फीचे पैसे भरतात, पत्र यायला स्वतःचा पत्ता वापरू देतात. ऐकायला किरकोळ वाटतं पण तीन-तीन वर्षांचे राहिलेले रिटर्न एका दुपारी भरून झाले की अडकलेली मोठी रक्कम घरात येते, आणि ती रक्कम फुकटची नसते, ती त्या मुलांच्या हक्काची आधीपासून होती.

आज्या खूप येतात. नातवंडं सांभाळणाऱ्या, कधी दोन, कधी पाच. मूल ज्याच्याकडे राहतं त्याला बेनिफिट मिळायला पाहिजे, पण तसं ते आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो, मूल खरंच तुमच्याकडे राहतं याचे पुरावे द्यावे लागतात, शाळेचं पत्र, डॉक्टरचं पत्र. पुष्कळ आज्या अर्ज करायलाच घाबरतात, कारण सरकारी कागदावर मुलाचं नाव लिहिलं की सीएफएस, म्हणजे मुलं ताब्यात घेऊ शकणारं बालकल्याण खातं, दारात येईल असं त्यांना वाटतं. ही भीती कुठून आली ते नीट समजून घ्यायला पाहिजे. दीड लाखाहून जास्त इंडिजिनस मुलं घरच्यांपासून तोडून, त्यांची भाषा-संस्कृती पुसण्यासाठी चालवलेल्या रेसिडेन्शियल शाळांत नेली गेली, शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे हा काही पणजोबांच्या काळातला इतिहास नाही, माझ्यासमोर टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई स्वतः तिथे शिकलेली असू शकते. मध्ये साठ-सत्तरच्या दशकांत हजारो मुलं दत्तक म्हणून गोऱ्या घरांत पाठवली, काही तर देशाबाहेर. आणि २०२१ च्या सेन्ससचं बघा, कॅनडात चौदापर्यंतच्या मुलांत इंडिजिनस मुलं ७.७ टक्के, पण फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे आईबापांकडून काढून दुसऱ्या घरात ठेवलेल्या, मुलांत ५३.८ टक्के. आपल्या मॅनिटोबा प्रांतात तर केअरमधली दहातली नऊ मुलं इंडिजिनस आहेत.

मूल केअरमध्ये गेलं की पुढे काय होतं ते मला या टेबलावर बसल्यावरच कळलं. आईचा चाइल्ड बेनिफिट बंद होतो. मग दोन बेडरूमचं भाडं परवडत नाही, ती एका खोलीत जाते. मग आई मुलं परत मागायला गेली की सांगतात, मुलांना राहायला पुरेशी जागा नाही. सांगा आता तिने काय करायचं? त्यावर अजून एक, केंद्र सरकार केअरमधल्या मुलांसाठी त्यांना सांभाळणाऱ्या एजन्सीला भत्ता देतं, तो भत्ता मॅनिटोबाच्या प्रांत सरकारने २००५ पासून २०१९ पर्यंत स्वतःकडे वळवून घेतला. कोर्टाने २०२२ मध्ये हे बेकायदा ठरवलं आणि २०२४ मध्ये ५३ कोटी डॉलरची भरपाई ठरली. तेव्हा फुकट कोणी कोणाचं खाल्लं हेही जेवणाच्या रांगेत बोलूया.

आणि बर्थ अलर्ट. गरोदर बाईला न सांगता एजन्सीने हॉस्पिटलला कळवून ठेवायचं, की हिचं बाळ झालं की आम्हाला फोन करा. मॅनिटोबात हे १ जुलै २०२० पर्यंत चालू होतं. त्यामुळे बायका डॉक्टरकडेच जायच्या नाहीत. आता ज्या सेंटरमध्ये त्यांच्याच समाजातली बाई चहा देते, बाळाचे डायपर देते आणि कुठलाच फॉर्म पुढे करत नाही, तिथे त्या का जातात आणि सरकारी ऑफिसात का जात नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं खरंतर एवढंच आहे. ही मदत चालते ती कोण चालवतंय यावर. पैसे तेच, डायपर तेच, पण हात बदलला की सगळं बदलतं.

विनिपेगमध्ये मा मावी वी ची इटाटा नावाचं सेंटर १९८४ पासून आहे, इंडिजिनस लोकांनीच उभं केलेलं. मुलं काढून घ्यायचा अधिकार या सेंटरकडे नाही, आणि हीच त्याची ताकद. त्यांच्याकडे फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स नावाची पद्धत आहे, मूळची न्यूझीलंडची, माओरी लोकांच्या आग्रहातून तिथे १९८९ च्या कायद्यात आली. कोऑर्डिनेटर आधी कितीतरी दिवस नुसता नातेवाईक शोधतो. आई, बाप, आत्या, उत्तरेकडच्या रिझर्व्हवरचे मामा, आजीची बहीण. सगळे एकत्र येतात, एल्डर, म्हणजे समाजातले वडीलधारे, येतात, सेज नावाची वनस्पती जाळून प्रार्थना होते, जेवण होतं. सोशल वर्कर आपली काळजी काय आहे ते सांगतात, कुठली मदत मिळू शकते ते सांगतात आणि मग खोलीतून बाहेर जातात. बाहेर! आत फक्त कुटुंब. मूल कोणाकडे राहील, आई उपचार घेत असताना शाळेत कोण सोडेल, शनिवारी कोण येईल, हे तेच ठरवतात आणि मग सांगतात. माझ्या गावाकडे कुणाच्या घरात असं संकट आलं असतं तर ओसरीवर चुलत-मावस सगळे जमून हेच केलं असतं, म्हणून मला ही पद्धत ऐकल्या ऐकल्या पटली. घरातल्या माणसांना न विचारता अनोळखी ऑफिसने मुलाचं भविष्य ठरवणं हेच खरं विचित्र आहे.

कोणी म्हणेल मग आपापल्या रिझर्व्हवर का राहत नाहीत, शहरात कशाला येतात. डायलिसिसला येतात. बाळंतपणाला येतात. शिकायला येतात. नुनावुतच्या किवालिक भागातले इन्युइट लोक मोठ्या उपचारांसाठी विमानाने इथेच येतात. २०११ च्या पुरात असिनिबोइन नदीचं पाणी वळवून लेक मॅनिटोबात सोडलं, ते पुढे लेक सेंट मार्टिनमध्ये गेलं, तिथल्या फर्स्ट नेशनचं अख्खं गाव उठलं आणि माणसं कित्येक वर्षं विनिपेगच्या हॉटेलांत राहिली, परत जायला २०१७ उजाडलं. आणि मुळात "येतात" हा शब्दच कसा, शहर त्यांच्याच जमिनीवर आहे. आपल्या नळाला जे पाणी येतं ते १९१९ पासून शोल लेकमधून येतं, आणि त्याच तळ्याकाठच्या शोल लेक ४० फर्स्ट नेशनला १९९७ पासून २०२१ पर्यंत पाणी उकळून प्यायची सूचना होती. चोवीस वर्षं.

आज विनिपेग परिसरात साधारण १ लाख २ हजार इंडिजिनस लोक राहतात, कॅनडाच्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त, म्हणजे आठातला एक माणूस. तरी सरकारी व्यवस्था अशी की रिझर्व्हवर असेपर्यंत केंद्र बघणार, शहरात आलं की केंद्र म्हणतं प्रांताने बघावं आणि प्रांत म्हणतो केंद्राने. जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मॅनिटोबातल्या नॉर्वे हाऊस या फर्स्ट नेशनचा मुलगा याच वादात गेला. डॉक्टरांनी घरी न्यायला हरकत नाही म्हटलं होतं, पण घरच्या देखभालीचा खर्च कोणी द्यायचा यावर दोन सरकारं दोन वर्षांहून जास्त भांडत राहिली आणि तो २००५ मध्ये पाच वर्षांचा असताना हॉस्पिटलमध्येच वारला. एक दिवससुद्धा घरात राहिला नाही. त्याच्या नावाने जॉर्डन्स प्रिन्सिपल आलं, आधी मुलाला सेवा द्या, बिल कोणाचं ते नंतर ठरवा. संसदेने २००७ मध्ये एकमताने मान्य केलं, तरी नीट लागू करा म्हणून ह्यूमन राइट्स ट्रिब्युनलला २०१६ मध्ये आदेश द्यावा लागला.

दोन सरकारांमधल्या या मोकळ्या जागेत लोकांनी स्वतःच काहीतरी उभं केलं. टोरोंटोत १९५१ मध्ये शहरात आलेल्या इंडिजिनस लोकांचा क्लब सुरू झाला, विनिपेगला १९५९ मध्ये फ्रेंडशिप सेंटर, सुरुवातीला सगळं व्हॉलंटियर लोकांवर, सरकारचा रीतसर प्रोग्राम १९७२ ला आला. आता देशभर शंभराहून जास्त फ्रेंडशिप सेंटर्स आहेत. हिगिन्स ॲव्हेन्यूवरचं जुनं सीपीआर (कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे) स्टेशन, जिथे एकेकाळी युरोपातून आलेली माणसं गाडीतून उतरायची, ते १९९२ मध्ये इंडिजिनस संस्थेने विकत घेतलं, आज तिथे नोकरीचं ट्रेनिंग चालतं. एकदा जाऊन बघा, आतला हॉल फार सुंदर आहे.

ज्यांना काही करावंसं वाटतंय त्यांच्यासाठी. टॅक्स क्लिनिकला माणसं कायम कमी पडतात, आपल्यात अकाउंट्सवाले इतके आहेत, पोलिस चेक आणि सीआरएचं ऑनलाइन ट्रेनिंग झालं की बसता येतं, जानेवारीतच नाव द्या कारण चेकला वेळ लागतो. मंडळातर्फे सामान द्यायचं असेल तर आधी सेंटरला फोन करून काय पाहिजे ते विचारा. जुन्या साड्या-ड्रेसच्या पिशव्या नेऊन टाकू नका. बहुतेक वेळा बसची तिकिटं, मोठ्या साइझचे डायपर आणि मुलांचे हिवाळी बूट सांगतात, आणि बूट ऑक्टोबरच्या आत.